रेइनोचा अंगठा

कार्डावर सत्तेचाळीस फोटो निघाले.
त्यातल्या एकतिसांत अंगठा.

आमचा रेइनो जन्मभर असेच फोटो काढायचा,
भिंगावर अर्धं बोट, आणि वर हसा-हसा म्हणून घाई.
माझ्या लग्नात पाद्र्याच्या डोक्यावर
एक गुलाबी ढग आहे. तो रेइनोच.

शेवटचा मार्चमधला. गोठलेलं सुपीरियर,
बर्फाला पाडलेलं भोक, माशांची बादली,
आणि उजवीकडून चढत आलेला
नारिंगी, धूसर, काठाशी जळल्यासारखा अंगठा.
पुसून टाकायला हवा होता.
नाही टाकला.

शेजारच्या हाल्वरसनांची ब्रिटा, वय सोळा, नाकात रिंग,
म्हणाली, "मिसेस कांगास, आधी कातरायचं."
कातरलं. बादली गेली. भोक गेलं.
"आता रंग कमी करायचे."
लाखो रंगांचे बारा झाले, बाराचे सात,
आणि जे नुसतं धुकं होतं
त्याला एकाएकी किनारे आले,
नकाशातल्या बेटांसारखे.
पाचावर आणलं तर अंगठा उरत नाही.
सातावर थांबले.

आडवा केला, उलटा केला, आरशात धरला;
चार रेइनो एकमेकांना टेकून
गालिच्यासारखे बसले. सुबक. मेलेले.
मागे फिरवणारी कळ दाबली.
पुन्हा केलं, पुन्हा मागे.
त्या रात्री मी चाळीसदा तरी मागे गेले असेन.
ब्रिटा केव्हाच घरी गेली होती.

कापडाचं गणित निराळं.
सहा रंग ट्रंकेत सापडले:
शिकारीच्या जाकिटाचं भडक नारिंगी,
आईच्या एप्रनचा विटका गुलाबी,
त्याच्याच एका शर्टाचा करडा, असे.
सातवा नव्हता.
संगणकात त्याचे आकडे होते,
दोनशे चौदा, एकशे बावन्न, एकशे अठरा.
दुलुथच्या दुकानात मी ते वाचून दाखवले
तर बाई म्हणाली, "पीच चालेल?"

कांद्याच्या साली उकळल्या, चहा ओतला,
एक गंजका खिळा सोडला. तीन पातेली नासली.
चौथ्यातून निघाला तो रंग,
थंडीतून घरात आल्यावर
नखाच्या मुळाशी परततो तो.
घरभर आठवडाभर कांद्याचा वास.

एकशे बारा तुकडे, प्रत्येकाच्या पाठीवर आकडा.
चौसष्ट नंबरावर मांजर झोपलं, म्हणून मीही झोपले.
इथे चुकलं तर उसवायचं,
आणि उसवलं तरी भोकं राहतात
रांगेने, मुंग्या गेल्यासारखी.

मग प्रश्न आला टाक्यांचा.
अंगठ्यावर रेषा हव्यात, फोटोत एकही नाही.
इतकं जवळ आलेल्याच्या रेषा
भिंगालाही दिसत नाहीत.
ब्रिटा म्हणाली, जुन्या कुठल्या कागदावर
ठसा असेल का? लष्कराच्या, बंदराच्या?
शोधलं. त्याने सगळीकडे सही केली होती,
तीही वाचता न येणारी.
शेवटी मी माझाच अंगठा शाईत बुडवला,
कागदावर उठवला, पडद्यावर ताणून
सहा फूट केला, आणि त्या वाटांनी
धावदोरा घातला, नोव्हेंबर ते फेब्रुवारी.
एका आईची पोरं आम्ही.
पण रेषा त्याच्या नाहीत, हे मला माहीत आहे.

टू हार्बर्सच्या शाळेत, बास्केटबॉलच्या मैदानात,
गोधडी दांडीवर लटकली.
परीक्षकबाई चष्मा वर करून म्हणाल्या,
"सूर्यास्त! सरोवरावरचा, हो ना?
किती धीट. फक्त डाव्या कोपऱ्यात जरा ओढलंय."
तिसऱ्या नंबरची हिरवी फीत लावली.

मी म्हटलं, "हो, ओढलंय."
तिथे कापड कमी पडलं होतं, शर्ट तेवढाच होता.
बाकीचं काही बोलले नाही.
ब्रिटाने फोनवर फोटो काढला,
मला गोधडीशेजारी उभं करून,
आणि बघते तर कोपऱ्यात
तिचं बोट.